हिवाळ्याचं तेल

इंजिनात कोणतं तेल घालायचं हा प्रश्न आपण सगळे दुकानदारावर सोपवून मोकळे होतो. तो पुढे सरकवेल तो डबा घ्यायचा आणि चालू लागायचं. पण हाच प्रश्न घेऊन तुम्ही डब्ल्यूकाकांच्या दुकानात शिरलात, की तुमची सकाळ गेलीच म्हणून समजा.

"गाडी केवढी जुनी आहे? उघड्यावर उभी असते की आडोशाला? पहाटे काढता की ऊन वर आल्यावर? चढाचा रस्ता आहे का? मागच्या वेळी कोणतं तेल घातलं होतं? आणि ते घाला म्हणून कोणी सांगितलं होतं?"

गिऱ्हाईक बिचारं तेल घ्यायला आलेलं असायचं, जबानी द्यायला नव्हे. ते घड्याळाकडे बघायचं, किल्ली बोटाभोवती फिरवायचं. काकांना हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण ते सरळ काणाडोळा करायचे. कारण हे गिऱ्हाईक गेलं, की दुसरं येईपर्यंत त्यांच्याशी बोलायला कोणी नसायचं.

डब्ल्यूकाका हे नाव त्यांना गॅरेजवाल्यांनी ठेवलेलं. तेलाच्या डब्यावर ट्वेंटी-डब्ल्यू-फिफ्टी, फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी असं काहीबाही लिहिलेलं असतं. त्यातल्या डब्ल्यूचा अर्थ सांगितल्याशिवाय काका डबा हातातून सोडत नसत. "डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे आणि वॅटही नव्हे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यातही पातळ राहतं आणि गाडी सकाळी पटकन उठते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यानंतरचा. तो जितका मोठा, तितकं तापल्यावरही तेल अंग धरून राहतं. आणि ज्या डब्यावर डब्ल्यूच नाही, नुसता पन्नास, ते तेल उन्हाळी. थंडीत ते खोबरेल तेलासारखं थिजून बसतं." एवढं सांगून झालं की ते गिऱ्हाइकाकडे अशा नजरेने बघत, की त्याने आता निदान एखादी शंका तरी विचारावी. कोणी विचारत नसे.

त्यांचं दुकान गॅरेजांच्या गल्लीत अगदी शेवटी. पुढे फळ्यांवर डबे, फिल्टर, नरसाळी. मागे एक खोली. खोलीत लोखंडी खाट, एक शेगडी आणि खिडकीत रेडिओ. रेडिओ ते दिवसभर, अगदी गावाला गेले तरी, चालू ठेवायचे. ऐकण्यासाठी नव्हे. दुकान बंद करून मागचं दार उघडलं, की आत कोणीतरी बोलत असावं, एवढ्यासाठीच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक लग्न होऊन डोंगरातल्या गावी गेली होती, गाडीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. वर्षातून एकदा, हिवाळ्यात धंदा मंदावला की काका तिच्याकडे जायचे. दोन रात्री राहायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचे.

दोनच रात्री का? कोणी जा म्हणायचं का? छे. लेक गुणी होती, जावईही भला माणूस. पण काकांनी उभ्या आयुष्यात एक म्हण इतक्यांदा ऐकवली होती, की आता तीच त्यांच्या मानगुटीवर बसली होती: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. बायकोचा भाऊ आठवडाभर मुक्कामाला राहिला होता, तेव्हा त्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ही म्हण म्हटली होती. आता स्वतः तिसऱ्या दिवशी राहायचं तर कोणत्या तोंडाने? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. "बबडे, मी अजून चार दिवस राहू का गं?" एवढं एक वाक्य. ते काका वर्षभर मनात घोळवायचे आणि लेकीच्या दारात पोचले की गिळून टाकायचे. उलट स्वतःच म्हणायचे, "परवा निघायला हवं बुवा. दुकानात कामं पडलीत." दुकानात कामं! धूळ झटकण्यापलीकडे काय काम होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आणि लेकीचा बापाच्या शब्दावर विश्वास. बाबा कामं आहेत म्हणतात, म्हणजे असणारच. ती आग्रह करायची नाही.

गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली आणि काकांच्या डोक्यात किडा शिरला. त्याच दिवसांत जावयाचे मामाही तिथे आले होते. मामा म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मोठ्याने हसायचे, दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघेही निघाले. काकांच्या गाडीत फाइव्ह-थर्टी होतं; किल्ली फिरवली आणि गाडी चालू. मामांच्या गाडीने नुसता घशातल्या घशात आवाज काढला आणि ती गप्प झाली. काकांनीच खाली उतरून तेलाची पातळी बघायची काडी ओढली, थेंब अंगठा आणि बोटात धरून चोळला आणि निकाल दिला, "तेल जाड आहे. नुसतं पन्नास घातलंय कोणीतरी. ही दुपारशिवाय हलत नाही."

"अहो मामा, मग थांबाच आता," लेक म्हणाली. "असं कसं जाल? गाडी नीट झाल्याशिवाय आम्ही सोडणार नाही."

काका आपली सुरळीत चाललेली गाडी घेऊन उतारावरून खाली आले. नंतर फोनवर कळलं, मामांची गाडी दुपारी हलली पण मामा काही हलले नाहीत. चांगले चार दिवस राहिले. पत्ते खेळले. स्वयंपाकघराच्या खिडकीची सैल झालेली कडी त्यांनी बसवून दिली. ती कडी काकांना पहिल्याच दिवशी दिसली होती. पण दोन दिवसांच्या पाहुण्याने घरात हातोडी कुठे म्हणून विचारावं, हे त्यांना बरं वाटलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ रेडिओकडे बघत बसले. ज्याचं तेल चुकलं त्याला आग्रह झाला. ज्याचं बरोबर होतं तो रस्त्याला लागला. असा हिशेब त्यांनी आयुष्यात कधी मांडला नव्हता.

मग या हिवाळ्यात निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी दुकानामागे गाडी घेतली, खाली पसरट भांडं ठेवलं, नट सोडला आणि जुनं तेल निथळू दिलं. नंतर फळ्यांच्या अगदी खालच्या ओळीतून एक डबा काढला. तो जुन्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी ठेवलेला असायचा. त्यावर डब्ल्यू नव्हता. नुसता पन्नास.

नरसाळं हातात धरून ते थोडा वेळ उभे राहिले. गारठ्यात जाड तेल घातलं की इंजिन फिरायला लागतं तेव्हा तेल वरपर्यंत लवकर पोचत नाही, तेवढ्यात कोरड्या लोखंडावर लोखंड घासतं, हे त्यांनी हजारो लोकांना बजावून सांगितलं होतं. चुकीचं तेल घालणाऱ्या मेकॅनिकशी त्यांनी भांडणं केली होती. आणि आता ते स्वतःच्या हाताने ते ओतत होते. त्यांना मनापासून लाज वाटली. तरीही त्यांनी डबा रिकामा केला.

शेजारचा टायरवाला नेमका डोकावला. "काका, उद्या डोंगरात चाललात ना? मग हे कसलं तेल?"

"शिल्लक पडलंय. संपवून टाकतो."

"तुम्ही? शिल्लक तेल संपवताय?" टायरवाला हसला. "आता मात्र जग बुडणार!"

काकांनी बॉनेट जरा जोरातच आपटलं.

रस्त्यात गाडीने काही त्रास दिला नाही. तापलेल्या इंजिनात पन्नास चांगलंच चालतं; थांबून गार झालं की रंग दाखवतं. संध्याकाळी काका पोचले. लेकीचं घर उताराच्या कडेला, बाहेरच्या खोलीत सोफा, आत एक खोली आणि स्वयंपाकघर. ती तिथल्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि जावई लाकडाच्या वखारीत. तिने दारातच काकांचे गार पडलेले हात आपल्या हातात घेतले आणि चोळले. तिच्या लहानपणी थंडीत खोबरेल तेलाची बाटली काका अशीच दोन्ही तळव्यांत धरून पातळ करायचे आणि मग तिच्या केसांना लावायचे. शाळा सुटली की ती दुकानात पालथ्या डब्यावर बसून काकांचं व्याख्यान ऐकायची. "डब्ल्यू म्हणजे काय गं बबडे?" "हिवाळा!" ती ओरडायची. काकांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं तेवढं एकच गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात मिळालं होतं.

"किती दिवस आहात बाबा?" तिने विचारलं.

"परवा निघायचं," काका म्हणाले. या वेळी ते म्हणताना त्यांना आतून हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीने रजा घेतली होती; जावई घरची गाडी घेऊन वखारीत गेला होता. दुपारी लेक म्हणाली, "बाबा, किल्ली द्या ना तुमची. सामान आणायचंय आणि पिशव्या जड होतील."

काका घाईने उठले. "मी येतो की बरोबर."

"तुम्ही पडा जरा. कालचा एवढा प्रवास झालाय."

ऊन चांगलं होतं. चालू होईल, काकांनी मनाशी म्हटलं, आणि किल्ली दिली. गाडी चालू झाली खरी, पण बराच वेळ कण्हत, कुंथत. खिडकीतून काकांना दिसलं, लेक स्टिअरिंगवर हात ठेवून क्षणभर तशीच बसून राहिली. मग निघाली. परत यायला तिने बराच उशीर केला.

"एवढा वेळ?"

"गर्दी होती," ती म्हणाली आणि पिशव्या घेऊन आत गेली.

त्या संध्याकाळी ती काकांशी फारच मायेने वागली. जेवताना भाजी दोनदा वाढली. "बाबा, जेवण वेळेवर करता ना? डोळे कधी तपासलेत? औषध घ्यायची आठवण राहते का? दुकानात हिशेबाला कोणी मदतीला येतं का?" काका सुखावले. इतके प्रश्न त्यांना कोणी विचारल्याला वर्षं लोटली होती. आजवर प्रश्न विचारायचं काम त्यांचं होतं. ते पाय पसरून एकेक उत्तर देत राहिले आणि मध्येच स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "तुमच्या नळाचं वॉशर गेलंय वाटतं. थेंब थेंब गळतंय." उद्या ते बसवायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. हातोडी आणि पाना कुठे असतो तेही जावयाला विचारून घेतलं.

झोपण्याआधी त्यांनी तयारी केली. म्हणजे पाहुण्यासारखी नव्हे, मुक्कामाची. दाढीचं सामान मोरीतच राहू दिलं. घरातल्या सपाता सोफ्याखाली सरकवल्या. मफलर खुंटीवरच. चार दिवस राहणाऱ्या माणसाने सगळं आवरून कशाला ठेवायचं?

सकाळी काचेवर बर्फाची साय धरली होती. काकांनी हवेत हात फिरवून अंदाज घेतला आणि मनात म्हणाले, फक्कड. अशा गारठ्यात पन्नास हलणं शक्य नाही. लेक दवाखान्यात जायच्या कपड्यांत फाटकाशी उभी होती. जावई काच खरवडत होता. काका गाडीत बसले. काय काय करायचं ते त्यांनी पाठ केलं होतं. किल्ली फिरवायची, थांबायचं, पुन्हा फिरवायची, मग हळूच "अरेच्चा" म्हणायचं.

त्यांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली.

 त्यांनी इंजिन बंद केलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा एका झटक्यात.

"बघा, चालू झाली की नाही!" लेक हसत गाडीजवळ आली. मग तिला काहीतरी आठवलं. ती धावत आत गेली आणि दाढीचं सामान, सपाता आणि मफलर असं सगळं कवेत घेऊन आली. "बाबा, केवढं विसरलात! अर्धं सामान राहिलं होतं." तिने ते मागच्या सीटवर ठेवलं, जावयाकडे एकदा बघितलं आणि काकांच्या खिडकीशी वाकली. आवाज खाली आणला.

"बाबा, रागावू नका हं. काल तुमची गाडी चालू करताना आवाज ऐकला आणि मला शंका आली. काडी काढून बघितली तर तेल बोटाला चिकटून बसलं. नुसतं पन्नास होतं. इथे, या थंडीत! मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बसून बदलून घेतलं. फाइव्ह-थर्टी. सकाळी निघताना तुमची अडचण व्हायला नको म्हणून."

 काका करायला गेले एक आणि झालं भलतंच. तिने बोटावर थेंब चोळला असेल, त्यांनीच शिकवलं होतं तसा, आणि तिला सगळं बरोबर कळलं असेल. एक सोडून सगळं.

"होतं असं, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "वय होतं. डबा बदलला जातो, लक्षात राहत नाही. पण आता एवढ्या लांब एकट्याने गाडी घेऊन येऊ नका. आम्हाला काळजी वाटते. पुढच्या वर्षी आम्हीच येऊ तुमच्याकडे. जमेल तसं."

जमेल तसं. काकांनी हे शब्द दुकानात खूप ऐकले होते. पुढच्या वेळी नक्की तुमच्याकडूनच नेतो काका, जमेल तसं, म्हणणारी माणसं परत दिसत नसत. त्यांना सगळं लख्ख समजलं. वर्षातल्या दोन रात्री होत्या, त्याही गेल्या. आता भीड धरून चालणार नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं, दार अर्धं उघडलं आणि म्हणाले, "बबडे, मी चुकलो नव्हतो. मुद्दाम घातलं होतं मी ते तेल."

पुढचं वाक्य तयार होतं. गाडी चालू होऊ नये म्हणून. तू मला थांबा म्हणावंस म्हणून. काका ते म्हणणारच होते, पण लेकीला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू.

"तुम्ही? मुद्दाम चुकीचं तेल घालणार? बाबा, मी ओळखत नाही का तुम्हाला? एका इंजिनासाठी तुम्ही गल्लीतल्या एका गॅरेजवाल्याशी जन्माचं बोलणं टाकलंत! राहू द्या. आपल्या माणसांत कसली लाज? विसरलात तर विसरलात." तिने त्यांच्या खांद्यावर थोपटलं, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसं, आणि दार हलकेच लावून घेतलं. "पोचलात की फोन करा. आठवणीने."

जावई म्हणाला, "उतारावर जपून हां, बाबा." मग त्याने घड्याळ बघितलं. लेकीच्या दवाखान्याची वेळ झाली होती.

काकांनी दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला. मी मनाने लबाड आहे, बुद्धीने शाबूत आहे, हे पटवून द्यायचं तर साक्षीदार कोण आणायचा? त्यांच्या सचोटीची साक्ष सगळी गल्ली देईल आणि तीच त्यांच्या विरुद्ध जाईल. "हो गं," ते म्हणाले. "वय झालंच की." किल्ली फिरवली. गाडी निघाली. आरशात लेक फाटकाशी उभी होती आणि हात हलवत होती. वळण आलं तेव्हाही ती तिथेच होती.

घाट उतरण्याआधी रस्त्याच्या कडेला जागा होती. काकांनी तिथे गाडी थांबवली. तेल खाली बसेपर्यंत थांबले, मग उतरून बॉनेट उघडलं, काडी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून बाहेर काढली. पातळी अगदी वरच्या खुणेशी. थेंब अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळला. स्वच्छ, पातळ, मधाच्या रंगाचा. या गाडीला, या थंडीत, या घाटाला त्यांनी स्वतः तेल निवडलं असतं तर हेच निवडलं असतं.

"बरोबर घातलंयस गं," ते मोठ्याने म्हणाले. आजूबाजूला कोणी नव्हतं.

मग त्यांनी बोट मफलरला पुसलं आणि गाडीत बसून ते खाली निघाले. दिवसभर गाडीने कुठेही त्रास दिला नाही. दुकानाचं मागचं दार उघडलं तेव्हा रेडिओ बोलतच होता.